पुलापलीकडचं तिसरं घर

तुम्ही दोघांनी मला तीन वेळा विचारलंत आणि मी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं: आजोबांच्या जर्मन चित्रांना वाळवी लागली. ते खरं नाही. सहाच्या सहा चित्रं माझ्या कपाटात आहेत, आजोबांच्या जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेली. वाळवी त्यांच्या कागदापर्यंत कधीच पोचली नाही. त्यांचं जे झालं ते माझ्या हातून झालं. त्यानंतर जे झालं तेही.

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेत मी माझी चूक लिहायला बसले की ती रजेच्या अर्जासारखी होते. कारणं नीट मांडलेली, आणि शेवटी आपली विश्वासू. कुठे अडलं तर आईकडून वाचून घ्या. तिलाही यातलं सगळं माहीत नाही, तिलाही कळेल.

धाकट्याला चित्रं नीट आठवत नसतील. ती रंगवलेली नव्हेत, कोरलेली आहेत. पोलादाच्या पत्र्यावर अणकुचीदार हत्यारानं रेघा कोरायच्या, रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून यंत्रात दाबायचं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अशी चित्रं तिकडे घरोघर असत. कागदाच्या चारी बाजूंना पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी तो लागतो. आपल्याकडची सहाही चित्रं नदीकाठच्या गावांची आहेत. तीन ऱ्हाईनवरची, एक मोझेलवरचं, एक डॅन्यूबवरचं आणि एक नेकारवरचं. खाली त्या जुन्या काटेरी जर्मन अक्षरांत गावाचं नाव.

नेकारवरचं ते आजोबांचं. तेवीस वर्षांचे असताना मुंबईच्या कंपनीनं त्यांना डिझेल इंजिनांचं काम शिकायला दीड वर्ष त्या गावी पाठवलं होतं. एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. तिचे गुडघे दुखत, म्हणून दोन हिवाळे तिचा कोळसा तळघरातून वर आणून द्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. तिच्या भिंतीवर ही चित्रं होती. ती नेकारवरच्या चित्रात पुलापलीकडच्या तिसऱ्या घरावर बोट ठेवून सांगायची, हे माझं घर, मी इथे जन्मले. आणि एक शब्द म्हणायची, 'द्र्यूबन'. म्हणजे पलीकडे, त्या तीरावर.

पण तिचं ते घर उरलेलं नव्हतं. युद्धात एका संध्याकाळी विमानांनी अर्धं गाव जाळलं, त्यात ते गेलं. त्याच जागेवर नंतर एक चौकोनी, सपाट तोंडाची इमारत उठली आणि आजोबा राहिले ते त्या इमारतीत. चित्रातलं घर त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही. चित्रं तेवढी तिच्या बहिणीकडे खेड्यात होती म्हणून वाचली. आजोबा परत निघाले तेव्हा तिनं ती सहाही त्यांच्या ट्रंकेत घातली आणि म्हणाली, जिथे काही जळत नाही अशा ठिकाणी ने.

"मी तिला म्हटलं, बाई, आमच्याकडे जळत नाही, आमच्याकडे भिजतं," असं सांगून आजोबा दर वेळी हसत. मीही हसत असे.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही मुंबई सोडून रत्नागिरीला आलो. आजोबांनी मिरकरवाड्याला मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप काढलं, मी शाळेत लागले. घर बांधलं तेव्हा ही चित्रं बाहेरच्या खोलीत लागली. मी सुतळी ताणून सहा खिळे एका रेषेत ठोकून घेतले आणि प्रत्येक फ्रेमच्या मागे क्रमांक घातला. नेकारवरचं पहिलं.

"तू आलीस आणि जर्मनी एका ओळीत उभी राहिली गो," आजोबा म्हणाले होते.

त्यांचा आजार तुम्हाला फोनवरून जेवढा दिसला तेवढाच माहीत आहे. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. तुमच्या आईला ते 'मॅडम' म्हणू लागले. गंमत म्हणजे, गंमत हा शब्द बरा नव्हे, पण साठ वर्षांपूर्वीचं जर्मन परत आलं. रोज दुपारी तीनच्या सुमाराला त्यांची घालमेल सुरू व्हायची. कारखान्याची पाळी सुटली, आता खोलीवर जायला हवं, उशीर झाला तर मालकीणबाई दार लावून घेईल. छत्री आणि रिकामा डबा घेऊन ते दाराशी जायचे. अडवलं तर हात झटकायचे. एकदा माझं मनगट सुजलं.

त्यावर उपाय मला अचानकच सापडला. एका दुपारी काहीच सुचेना म्हणून मी पहिलं चित्र भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं आणि त्यांचं वर्कशॉपमधलं भिंग हातात दिलं. त्यांनी डबा खाली ठेवला. चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात नदीवर ओंडक्यांचा तराफा आहे आणि काठावर छत्र्या घेतलेल्या दोन बायका. तिथून त्यांचं बोट निघालं. काठाकाठानं वर, चर्चच्या मनोऱ्याजवळून, बाजारातून पुलापर्यंत. पुलावर बोट सावकाश. मग पलीकडे. एक घर, दुसरं घर, तिसरं. तिसऱ्या घराच्या वरच्या खिडकीवर, जी तांदळाच्या दाण्याएवढी आहे, बोट थांबलं.

"पोचलो," ते म्हणाले. आणि चहा मागितला.

त्या दिवसापासून रोज हेच. पंधरा-वीस मिनिटं लागत. तुम्ही फोनवर विचारायचात, आजोबा कसे आहेत, आणि मी म्हणायचे, रोज घरी पोचतात. तुम्हाला वाटायचं आजी काहीतरी बोलते आहे. पण ते चित्र होतं म्हणून आजोबा घरात होते. त्यांचं सगळं त्या एका कागदावर होतं आणि ते मला पक्कं माहीत होतं. हे लिहून ठेवते, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आता बेगमीचं सांगते. पाऊस लागायच्या आधी आपल्याकडे घराची तयारी करायची असते, तुम्ही मे महिन्यात यायचात तेव्हा ती पाहिली आहे. कोकमं वाळवायची, पापड, लाकूडफाटा, कौलं फिरवून घ्यायची. माझी त्याची एक वही आहे. काम झालं की समोर खूण. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी झाडताना चौथ्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात मला मातीची बारीक रेघ दिसली. वाळवी. नुकतीच लागलेली, मागच्या फळीला, कागदापासून दूर.

मी सुताराला बोलावलं. तुम्हाला तो आठवेल, दाढी मेंदीनं रंगवणारा, बोटींचं काम करणारा. आजोबांचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र.

"वयनी, फळी बदलून देव काय?"

"बदलून पुन्हा लागेल. वाशांना मारतो ते काजूचं तेल मारलं तर?"

काजूच्या टरफलांचं तेल आपल्याकडे छपराच्या लाकडाला मारतात, होडीलाही. काळं, काकवीसारखं दाट असतं. कातडीवर पडलं तर फोड येतो. पण ते लागलं की वाळवी त्या लाकडाच्या वाटेला जात नाही. आपल्या घराच्या एकेका वाशाला ते दर तीन वर्षांनी लागतं. मला त्याच्यावर माझ्या शुद्धलेखनाएवढा भरवसा होता.

"लाकडाला झ्याक," सुतार म्हणाला. "पन कागदाचं मला ठाव नाय. दादांना विचारलंत?"

"त्यांना आता काय विचारायचं?"

त्यानं खुर्चीत बसलेल्या आजोबांकडे पाहिलं. "मला इंजिनाच्या नटाला हात लावू देत नव्हते इचारल्याबिगर," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

वाळवी एकाच फ्रेमला लागली होती. पण एक काम एका वस्तूला करून तशाच दुसऱ्या पाच वस्तू सोडून द्यायच्या हे मला जमत नाही, आयुष्यात जमलेलं नाही. मी रबरी हातमोजे घालून सहाही फळ्यांना दोन्ही बाजूंनी तेल मारलं. डाव्या मनगटावर एक थेंब उडाला, त्याचा डाग अजून आहे. फळ्या चार दिवस अंगणात उन्हात ठेवल्या. हाताला चिकटेनाशा झाल्या तेव्हा फ्रेमा बंद केल्या, क्रमांकाप्रमाणे टांगल्या आणि वहीत खूण केली. खूण करताना मला फार बरं वाटलं होतं.

श्रावणात पहिल्या चित्राच्या उजव्या कडेला चहाचा थेंब पडावा तसा डाग दिसला. मी काच पुसली. डाग आत होता.

तेल सुकलेलं नव्हतंच. वरून साय धरली होती एवढंच. हवेत ओल भरली तसं ते फळीतून कागदात उतरलं. बाकीच्या पाच चित्रांत ते बहुतेक आभाळात पसरलं; तिथे आता भरून आल्यासारखं दिसतं, ज्याला माहीत नाही त्याला ते मुद्दाम केलेलं वाटेल. पहिल्या फळीच्या उजव्या अंगाला मात्र एक गाठ होती आणि गाठीला मी जास्त तेल चोपडलं होतं. गणपती आले तोवर तपकिरी डागानं तिसरं घर घेतलं होतं. विसर्जनापर्यंत दुसरं. मी फळी काढून टाकली, कागद टिपकागदात ठेवला, वर शब्दकोश ठेवले. डाग थांबला, पण पुलाच्या टोकाशी येऊन.

त्या दिवसांत आजोबांचं बोट नेहमीसारखं निघायचं. तराफा, बायका, मनोरा, बाजार, पूल. पुलाच्या टोकाशी थांबायचं.

"पुढे?" ते मला विचारायचे.

"पुढे घर."

"कुठे?"

मी तपकिरी डागावर बोट ठेवायचे. "हे काय, इथे."

ते माझ्याकडे बघायचे. इंजिन कसं बिघडलं याबद्दल खोटं सांगणाऱ्या बोटमालकाकडे ते बघायचे ना, तसं. मग उठायचे आणि छत्री शोधायला लागायचे.

याच दिवसांत, थोरली, तुझा व्हिडिओ कॉल आला होता. तू हॉलंडला जाऊन दोनच महिने झाले होते. तू म्हणालीस, "आज्जी, आजोबांचं चित्र दाखव ना, माझ्या मैत्रिणीला बघायचंय."

मी फोन भिंतीकडे वळवला आणि तिसरं चित्र दाखवलं.

"हे नाही गं, पुलाचं. पोचलोवालं."

"ते काच बदलायला दिलंय."

"बरं. अगं, मला काय कळलंय माहितेय? ही चित्रं इथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात ढिगानं असतात. एकेका पत्र्यावरून हजारो काढलेली. गावाचं नाव मला ठाऊक आहे, एखादं शोधून पाठवू का?"

"कशाला? आपलं आहे ना," मी म्हटलं.

एवढंच बोलणं. मग तू सायकल पंक्चर झाल्याचं सांगत बसलीस आणि मी हुं हुं करत राहिले. आठ-दहा दिवसांत पार्सल आलं असतं. मला फक्त 'ते माझ्याकडून खराब झालं' एवढं म्हणायचं होतं, चार शब्द. शाळेतल्या मुलींच्या वह्यांतल्या चुका मी लाल शाईनं जन्मभर काढल्या. तुमच्या आईनं लहानपणी काच फोडली की तिला आधी 'मी फोडली' म्हणायला लावायचे, मगच केर भरायचे. मला ते चार शब्द नातीसमोर म्हणवले नाहीत. मी ठरवलं की आपलं आपण निस्तरू.

निस्तरायला मी चित्र घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. तुमच्या आईकडे एका जुन्या वाढदिवसाचा फोटो होता, त्यात मागे भिंतीवर ते चित्र होतं, पण नखाएवढं. म्हटलं, डागासकट मोठी प्रत काढू, पलीकडची घरं मी पेन्सिलीनं भरीन. प्रतीत डाग काळाकुट्ट आला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात काय दिसणार?" तरी मी ती घरी आणली आणि पेन्सिल टोकदार करायला आत गेले. टेबलावर प्रत ठेवायला नको होती.

परत आले तर आजोबा प्रतीवर वाकलेले. बोट पुलाच्या टोकाशी, काळ्या भागाच्या कडेवर.

"जळलं," ते म्हणाले.

"नाही हो, तो डाग आहे."

"सगळं जळलं. ती आत होती का?"

म्हातारीनं त्यांना जे सांगितलं होतं ते सगळं त्यांच्या डोक्यात कुठेतरी होतंच. ते आता त्यांच्यासमोर झालं होतं, आणि मीच ते आणून टेबलावर ठेवलं होतं. त्या दुपारी ते रडले. मी त्यांना त्याआधी फक्त त्यांची आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं.

नंतर आठवडाभरानं ते निघून गेले. ऑक्टोबर होता, दुपारचे तीन, ऊन असं की अंगणात पाय ठेववेना. आमच्याकडे दिवसभर येणाऱ्या मावशी मागे कपडे काढत होत्या. मी माझ्या खोलीत दार लावून, कापसानं निलगिरीचं तेल लावून चित्राचा डाग निघतो का बघत होते. दार लावलं होतं, कारण मावशींनी बघू नये. डाग निघाला नाही, थोडी शाईच पुसली गेली.

"काकी," मावशींनी दार वाजवलं, "काका कुठं हायत?"

"बाहेर नाहीत?"

"मघा दारात हुते छत्री घेऊन. डुबन डुबन बोलत हुते. मला भ्या वाटलं, पन म्हटलं काकी हायत."

डुबन. मावशींनी शेजारी तेच सांगितलं, शेजाऱ्यांनी रिक्षा स्टँडवर तेच सांगितलं. म्हातारे डुबायला गेले. दहा मिनिटांत सगळी आळी मांडवीच्या किनाऱ्याकडे धावली. सुतार आला, दोन बोटी काढल्या. मीही जेटीवर जाऊन उभी राहिले. तासभर मी पाण्याकडे बघत होते. एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि कुणीतरी सांगत होतं की भरती आहे, आत्ता काही वर यायचं नाही.

त्या सगळ्या गर्दीत तो शब्द खरा काय आहे हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तासभर आठवला नाही. डुबन नव्हे. द्र्यूबन. पलीकडे. पूल ओलांडून.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, भाट्याचा पूल.

पुलावर ते नव्हते. खाडीचा वारा होता आणि डांबर तापलं होतं. पूल संपल्यावर मी रिक्षा हळू चालवायला सांगितली आणि घरं मोजली. तिसऱ्या घराच्या पायरीवर आजोबा बसलेले होते. मांडीवर डबा. एका पायात चप्पल नव्हती आणि त्या तळव्याला फोड आलेले.

घरातली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुमचे काय हो हे? घटकाभर झाला बसून. पाणी दिलं, चा दिली. वर जायचंय म्हणतायत. आता आमच्याकडे वर म्हणजे कौलं! काय बोलतात तेही कळत नाही. मद्रासी आहेत काय?"

"जर्मन बोलतात."

"अगो बाई! दिसत तर नाहीत."

मी आजोबांच्या शेजारी बसले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण मराठीत बोलले. "मालकीणबाई घरात नाहीत," ते म्हणाले. "मी थांबलोय. येतीलच."

मी त्यांना घरी आणलं. त्या संध्याकाळी मी तुला फोन करू शकले असते, थोरली. फोन हातात घेतलाही होता. पण आता नुसतं चित्र खराब झालं एवढं सांगून भागणार नव्हतं. चार शब्दांचे चाळीस झाले होते. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून दाराला कडी लावून घेतली.

"बाहेरनं?" त्यानं विचारलं.

"बाहेरून."

त्यानं लावली. चहा ठेवला होता, तो न घेता गेला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर आजोबा सात महिने होते. मी बाजारात जाताना, मागे विहिरीवर असताना, आणि रोज तीन ते पाच, कडी बाहेरून असायची. मावशी आणि मी ओट्यावर बसायचो आणि आतून ते दार ढकलायचे. ओरडायचे नाहीत. दाराशी उभे राहून सभ्यपणे बोलायचे.

"उशीर होतोय. दार उघडता का?"

"आज सुट्टी आहे," मी बाहेरून म्हणायचे.

"कसली?"

"गणपतीची."

मग आतून, काळजीच्या आवाजात, "अहो, त्या लोकांना गणपती माहीत नाही."

मावशी तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा मीही हसले. मग ते पुन्हा दार ढकलायचे, पाच वाजेपर्यंत. दाराच्या आतल्या बाजूला, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, रंग गेलेला आहे. मी तो पुन्हा लावून घेतलेला नाही.

पुढे उन्हाळा लागला तसा चालण्याचा जोर गेला, आणि मे महिन्यात छातीत कफ झाला. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, किती वाजले? मी खरं सांगितलं, तीन. त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला. पोचलो हा शब्द त्यांनी त्या श्रावणानंतर पुन्हा उच्चारला नाही.

दिवसांसाठी तुम्ही आलात तेव्हा भिंतीवर सहा फिकट चौकोन होते. धाकट्यानं पहिल्यांदा विचारलं, चित्रं कुठे? मी म्हटलं, वाळवी. आपल्या घरात हे उत्तर कुणालाही पटतं. तुमच्या आईनं मान हलवली, शेजारची काकू म्हणाली, आमची पण पोथी गेली. कुणी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्यांदा तुम्ही फोनवर विचारलंत. तिसऱ्यांदा, थोरली, तू, मागच्या महिन्यात.

तू त्या गावी गेलीस. मला न सांगता गेलीस, आजोबांचा पूल बघायला, आणि तिथल्या एका दुकानाच्या काचेतला फोटो पाठवलास. तराफा, दोन बायका, मनोरा, पूल, आणि पलीकडे पहिलं, दुसरं, तिसरं घर. स्वच्छ. तुझा मेसेज होता, 'आज्जी, आपलं हेच ना? खरंच वाळवीनं पूर्ण खाल्लं का? हे घेऊ? खोक्यात अजून चार आहेत.'

मी फोटो मोठा करून वरची खिडकी पाहिली. मग लिहिलं, 'हो, वाळवीनंच. घे.' आणि त्या दिवसापासून हे लिहायला बसते आणि उठते.

दुकानाच्या खोक्यात अजून चार आहेत. ते वाचून मला काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही. तेव्हा फक्त एक लागत होतं.

डिसेंबरात तू ते घेऊन येशील. ते पहिल्या खिळ्यावर टांगू नकोस, तिथे आपलं जुनंच परत लागेल, डागासकट. मी फळी काढून मागे साधा पुठ्ठा घातला आहे. ते कुणाकडे साफ करायलाही देऊ नका, मी करून पाहिलं आहे. नवीन त्याच्या शेजारी टांगा. बाकीची पाच तुमच्यातुमच्यात वाटून घ्या, त्यांचं आभाळ तेवढं गेलेलं आहे.

आणि दोन चित्रांत फरक का, असं कुणी विचारलं तर वाळवी म्हणू नका. आजीनं तेल लावलं म्हणून सांगा. आणि पुढचंही सांगा.